जर्मन ०१ चे मॉडेल: आधी साल ठरवा, मग गोंदाची बाटली उघडा

वाफेच्या इंजिनाचे पहिले मॉडेल बांधायला घेणारा माणूस साधारणपणे दोन गोष्टींवर अडतो. एक म्हणजे चाकांना जोडणारे दांडे. ते कसे बसवायचे हे कागदावरून कळत नाही. दुसरी गोष्ट उशिरा लक्षात येते. सगळे चिकटवून, रंगवून झाल्यावर कोणी जाणकार बघतो आणि विचारतो, "समोर तिसरा दिवा आहे आणि केबिनवर मात्र ‘डॉइच राइश्सबान’ लिहिलंय. हे इंजिन कधीचं आणि कुठलं?" या प्रश्नाचे उत्तर बांधणाऱ्याकडे नसते, कारण तो प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

हा लेख एका विशिष्ट इंजिनाबद्दल आहे: जर्मन रेल्वेचे ‘बीआर ०१’, म्हणजे जलद प्रवासी गाड्यांसाठी बनवलेले, दोन सिलिंडरचे, दोन मीटर व्यासाच्या चाकांचे इंजिन. नव्या माणसाला मी हेच सुचवतो. याचे प्लास्टिकचे किट १:८७ या प्रमाणात निघालेले आहे, रेव्हेल कंपनीचे तर बऱ्याच जणांच्या परिचयाचे आहे. फोटो मुबलक सापडतात. खरी इंजिनेही जर्मनीत अजून उभी आहेत, काही चालूही आहेत. इथे दिलेला क्रम दुसऱ्या कोणत्याही इंजिनाला थोड्या फरकाने लावता येईल.

पहिली पायरी: इंजिनाची ओळख आणि साल

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी वगैरे राज्यांच्या वेगवेगळ्या रेल्वे एकत्र आल्या. प्रत्येकीची इंजिने वेगळी, सुटे भाग वेगळे. मग सगळ्या देशासाठी एकसारखी, एकमेकांचे भाग चालतील अशी इंजिने बनवायचे ठरले. रिखार्ड पाउल वाग्नर हे या कामाचे प्रमुख अभियंते. १९२५-२६ मध्ये तुलनेसाठी दोन प्रकारची दहा-दहा इंजिने बांधली. ०१ ला दोन सिलिंडर होते. ०२ ला चार, आणि त्यात एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या जोडीत पुन्हा वापरली जाई. देखभालीला सोपी म्हणून ०१ जिंकली. १९३८ पर्यंत २३१ नवी इंजिने तयार झाली. दहा ०२ इंजिनेही १९३७ ते १९४२ या काळात दोन सिलिंडरची करून ०१ मध्ये सामील झाली, म्हणजे एकूण २४१.

हा इतिहास सांगायचे कारण व्यवहाराचे आहे. बाजारात ०२ चेही किट मिळते. ते घेतलेत तर तुमचे इंजिन १९४२ च्या आतलेच असले पाहिजे. त्यानंतर ०२ नावाचे इंजिन उरलेच नाही, त्यामुळे त्यावर पश्चिम जर्मनीच्या ‘डॉइच बुंडेसबान’चे नाव आले तर ती शुद्ध कल्पना.

०१ चे आयुष्य मात्र लांबलचक. युद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले, तशी इंजिनेही वाटली गेली. पश्चिमेला डॉइच बुंडेसबान (डीबी), पूर्वेला जुनेच नाव चालू ठेवलेली डॉइच राइश्सबान (डीआर). डीबीची शेवटची ०१ इंजिने बव्हेरियातल्या होफ शेडमध्ये होती. तिथली ‘शीफ एबन’ ही नॉइएनमार्क्ट ते मार्क्टशोरगास्ट अशी चढण, साधारण ४० मीटरला एक मीटर चढ. ती चढताना ०१ चे फोटो घ्यायला लोक तिथे तासन्‌तास उभे राहत. १९७३ मध्ये तो अध्याय संपला. या पन्नासेक वर्षांत इंजिनाचा चेहरा अनेकदा बदलला. बदल कुठे शोधायचे ते सांगतो.

धुराचे पत्रे सगळ्यात ठळक. धुराड्यातून निघणारा धूर चालकाच्या डोळ्यांसमोर पसरू नये म्हणून इंजिनाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना उभे पत्रे लावतात. १९३० च्या दशकातले वाग्नर पत्रे मोठे, थेट फूटप्लेटपासून (बॉयलरच्या बाजूने जाणाऱ्या चालायच्या फळीपासून) वर जाणारे. फ्रीडरिश विट्टे यांच्या नावाचे युद्धोत्तर पत्रे लहान, बॉयलरच्या वरच्या अंगाला टांगल्यासारखे. डीबीच्या १९५० नंतरच्या फोटोंत बहुतेक करून विट्टे दिसतील, पूर्वेकडे मोठे वाग्नर पत्रे बराच काळ टिकले.

दिवे मोजा. युद्धापूर्वी समोर खाली दोन दिवे. तिसरा, वर मध्यभागी असलेला दिवा युद्धानंतरचा. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या धुराच्या पेटीच्या) खाली, बफरच्या तुळईपर्यंत उतरणारा तिरका पत्रा जुन्या फोटोंत असतो. डीबीने तो बहुतेक इंजिनांवरून काढून टाकला.

पुढची लहान चाके पट्टीने मोजण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या इंजिनांना ती ८५० मिमी व्यासाची होती आणि वेगमर्यादा ताशी १२० किमी. ०१ १०२ पासून पुढे ती १,००० मिमी झाली, ब्रेक वाढवले आणि मर्यादा १३० वर गेली. १:८७ मध्ये हा फरक ९.८ आणि ११.५ मिमी असा उतरतो. म्हणजे किटमधले पुढचे चाक साडेअकरा मिलिमीटर भरले तर नंबर १०२ किंवा त्यापुढचा हवा. ०२ पासून रूपांतरित झालेल्या दहा इंजिनांना (०१ ०११ आणि ०१ २३३ ते ०१ २४१) हा नियम लावू नका.

इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याचे, म्हणजे टेंडरचे, नावच त्याचे माप सांगते. टी ३०, टी ३२, टी ३४ यांतला आकडा म्हणजे पाण्याची क्षमता, घनमीटरमध्ये. टी ३२ वर रिव्हेटच्या रांगा दिसतात.

शेवटी नंबर. १९६८ पासून डीबीने संगणकाला चालतील असे नंबर दिले. ०१ १५० चे ००१ १५०-२ झाले. पूर्व जर्मनीने हेच १९७० मध्ये, वेगळ्या पद्धतीने केले. तिथल्या ०१ ११८ चे ०१ २११८-६ झाले. म्हणून नंबरची शैली बघून इंजिन कोणत्या बाजूचे आणि साधारण केव्हाचे हे लगेच सांगता येते.

आता माझे मत. पहिल्या मॉडेलसाठी डीबीचे, १९६० च्या आगेमागेचे इंजिन निवडा. रंगीत फोटो मिळतात, इंजिन पुरेसे मळलेले असते, त्यामुळे रंगकाम थोडे डागाळले तरी खपते. १९३० च्या दशकातले चकचकीत इंजिन सुंदर दिसते, पण त्याला स्वच्छ हात लागतो. शिवाय नाझी काळातल्या इंजिनांवर गरुड आणि स्वस्तिकाचे चिन्ह होते. जर्मनीत ते चिन्ह सार्वजनिकपणे दाखवण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, म्हणून किटच्या डिकॅलवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांत, ते सहसा नसते. पूर्व जर्मनीत १९६२ ते १९६५ मध्ये मायनिंगेनच्या कारखान्यात ३५ इंजिनांची जवळजवळ पुनर्बांधणी झाली, त्यांना ०१.५ म्हणतात. ती देखणी आहेत, पण साध्या ०१ च्या किटमधून निघत नाहीत. त्यांच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नका.

साल, मालक आणि नंबर या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा आणि ती डब्याच्या झाकणात चिकटवा. त्याच नंबरच्या इंजिनाचे निदान तीन फोटो गोळा करा: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून. डावी-उजवी मुद्दाम सांगतोय, कारण दोन्ही बाजूंचे पंप आणि नळ्या सारख्या नसतात.

फोटो बघताना एका सापळ्यापासून सावध राहा. कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडले की अधिकृत फोटोसाठी त्याला तात्पुरता फिका करडा रंग देत, कारण काळ्या इंजिनाचे बारकावे त्या वेळच्या फिल्मवर उठत नसत. ते फोटो बघून करडी ०१ रंगवणारे लोक आहेत. असे इंजिन कधी गाडीला लागले नाही.

दुसरी पायरी: प्रमाण, आणि चालते मॉडेल की शोभेचे

जर्मन रुळांमधले अंतर १,४३५ मिमी. त्याला ८७ ने भागले की १६.५ मिमी येते, हाच एच-ओ गेज. खरी ०१ बफर ते बफर २३.९४ मीटर, म्हणजे मॉडेल साडेसत्तावीस सेंटिमीटर. मोठे चाक २३ मिमी. एन प्रमाणात (१:१६०) तेच इंजिन पंधरा सेंटिमीटरवर येते, आणि १:३२ मध्ये पाऊण मीटरचे होते. ते कुठे ठेवणार याचा घरात आधी विचार झालेला बरा. आपल्याकडचा ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. त्यामुळे एच-ओ रुळावर भारतीय डबे आणि ही ०१ एकत्र उभी केली तर हिशोब जुळत नाही.

प्लास्टिकचे किट शोभेचे असते, मोटर नसते. चालते मॉडेल हवे असेल तर ते तयार विकत घ्यावे लागते, आणि तिथे एकच तांत्रिक प्रश्न महत्त्वाचा: दोन रुळांवरची डीसी पद्धत की मेर्कलिन या जर्मन कंपनीची, रुळांच्या मधोमध छोट्या टोकांतून वीज घेणारी पद्धत. दोन्हींची चाके आणि वायरिंग वेगळे, एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. जुने इंजिन स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना पोट उलटे करून बघा. मधोमध लांब पट्टी, म्हणजे स्लायडर, दिसली तर ते मेर्कलिन पद्धतीचे.

चालती मॉडेले विकत घेण्याआधी बघायची असतील तर पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले ते चालते शहर १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांची चैन आहे. हाम्बुर्गचे मिनियाटूर वुंडरलांट, श्टुटगार्टजवळ ग्योपिंगेनला मेर्कलिनचे संग्रहालय, आणि खरी ०१ बघायला बोखुम-डालहाउझेन (तिथे ०१ ००८ आहे), नोर्डलिंगेन किंवा त्या चढणीच्या पायथ्याशी असलेले नॉइएनमार्क्टचे वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय. गेलात तर चाकांच्या उंचीवर वाकून फोटो काढा. उभ्याने काढलेले फोटो मॉडेलवाल्याच्या फारसे कामाचे नसतात.

पुढचा सगळा लेख किटबद्दल आहे.

तिसरी पायरी: हत्यारे

फार काही लागत नाही. भाग चौकटीतून कापायला सपाट तोंडाचा कटर, धारदार क्राफ्ट नाइफ, सुई-कानशींचा लहान संच, ४००, ६०० आणि १,००० नंबरचा वॉटर पेपर, टोकदार चिमटा, मास्किंग टेप, ब्रश असलेल्या बाटलीतले पातळ लिक्विड सिमेंट. फेविक्विक जातीचा गोंद फक्त धातूच्या तारेसाठी ठेवा. प्लास्टिकवर त्याची पांढरी वाफ बसते आणि काळ्या इंजिनावर ती उठून दिसते. एअरब्रश नसेल तर प्रायमर आणि काळा रंग स्प्रे कॅनने, बाकीचे हाताने. त्यासाठी अडून राहू नका.

किट परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरियर धरून हिशोब करा. आधी भारतातल्या हॉबी दुकानांत विचारून घेणे फायद्याचे.

चौथी पायरी: भाग धुणे आणि कोरडी जुळणी

चौकटी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवा आणि सुकू द्या. साचातून सुटायला लावलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. मग सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा. कुठे पर्यायी भाग दिलेत, म्हणजे दोन प्रकारचे पत्रे किंवा दिवे, तिथे तुमच्या चिठ्ठीप्रमाणे एकावर खूण करा आणि दुसरा कापून बाजूच्या डबीत टाका. तो समोर राहिला तर रात्री अकरा वाजता हात त्याच्याकडेच जातो.

प्रत्येक जोड गोंदाशिवाय एकदा बसवून बघा. भाग चौकटीला जिथे जोडलेला होता तिथे उरलेला खवला काढा. या कामात घाई करणाऱ्याचे इंजिन शेवटी वाकडेच उभे राहते.

पाचवी पायरी: चाके आणि दांडे

इथे थांबून काम करा. ०१ चे सारे सौंदर्य याच दोन तळहातांएवढ्या जागेत आहे.

आधी खऱ्या इंजिनात काय घडते ते समजून घ्या. सिलिंडरमधला दट्ट्या पुढे-मागे होतो. त्याचा दांडा एका सरकत्या ठोकळ्याला जोडलेला, त्याला क्रॉसहेड म्हणतात. तिथून जाड मुख्य दांडा मागे जातो आणि मोठ्या चाकांपैकी मधल्या, म्हणजे दुसऱ्या चाकाला फिरवतो. तिन्ही मोठी चाके जोडदांड्याने एकमेकांना बांधलेली, म्हणून एक फिरले की तिन्ही फिरतात. ताशी १२० किमी वेगात हे चाक सेकंदाला पाचाहून जास्त फेरे घेते, आणि दट्ट्यासोबत पुढे-मागे होणारे लोखंड त्याच्या दुप्पट वेळा दिशा बदलते.

वरच्या बाजूला जो बारीक दांड्यांचा गुंता दिसतो तो वाफ केव्हा आत सोडायची हे ठरवणारा. जर्मन लोक त्याला हॉइझिंगर यंत्रणा म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत ती वाल्शर्ट म्हणून येते. मधल्या चाकाच्या खिळीवर, म्हणजे दांडा अडकवायच्या खुंटीवर, एक छोटा तिरका हात असतो, त्याच्यापासून एक बारीक दांडा पुढे एका वक्र, खाचेच्या तुकड्याला डोलवतो. तिथून हालचाल सिलिंडरच्या वरच्या व्हॉल्वपर्यंत पोचते. क्रॉसहेडपासून वर जाणारी एक उभी पट्टीही त्याच व्हॉल्वला जोडलेली असते. एवढे डोक्यात बसले की सूचनापत्रकातले भाग आपोआप ओळखू येतात, आणि एखादा भाग उलटा बसतोय हे आकड्यांशिवाय कळते.

आता बांधणी.

चाके धुरीवर (आसावर) बसवताना डावी आणि उजवी बाजू एकमेकांशी ९० अंशांत हवी. डावीकडची खीळ खाली असेल तर उजवीकडची आडव्या रेषेत. खऱ्या इंजिनात हे असे असावेच लागते. दोन्ही बाजू एका रेषेत असत्या तर दोन्ही दट्टे एकाच वेळी टोकाला पोचले असते आणि इंजिन तिथेच अडकून सुरूच झाले नसते. (तीन सिलिंडरच्या ०१.१० मध्ये हाच कोन १२० अंशांचा.) एका बाजूच्या तिन्ही खिळी मात्र अगदी एकाच दिशेला हव्यात. त्यासाठी गोंद ओला असतानाच जोडदांडा तात्पुरता अडकवून ठेवा, चाके आपली आपण जुळतात.

जोडदांडा कोणत्याही स्थितीत रुळाला समांतरच असतो. ही तपासणी लक्षात ठेवा. तो जरासा जरी तिरका दिसला तर एखादे चाक चुकले आहे, आणि गोंद सुकायच्या आत ते फिरवायला हवे.

मॉडेल उभे राहणार असेल तर समोरच्या बाजूची खीळ खाली ठेवा. दांडे खाली असले की चाकांचे आरे मोकळे दिसतात. रेल्वेचे जुने फोटोग्राफर याच क्षणाची वाट बघत.

चाके फिरती ठेवायची असतील तर खिळीवर ब्रशने इंचभरही नाही, सुईच्या टोकाएवढे व्हॅसलीन लावा, मग दांडा, मग वरची टोपी, आणि गोंद फक्त टोपीच्या मध्यावर. पातळ सिमेंट फटीतून आपोआप ओढले जाते. व्हॅसलीन नसेल तर ते दांड्याखाली शिरून सगळे घट्ट करून टाकते. खरे सांगायचे तर प्लास्टिकच्या किटमध्ये चाके फिरण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. दोनचारदा फिरवून झाले की कोणी फिरवत नाही. सरळ, घट्ट आणि योग्य कोनात चिकटवलेले दांडे कधीही चांगले.

दांडे जोडण्याआधी रंगवा. चाके लाल, दांडे पोलादी. हे दोन रंग एकमेकांत न मिसळता नंतर देणे जवळजवळ अशक्य. दांड्यांच्या बाहेरच्या कडेवर साचाची जोडरेघ असते, ती कानशीने घासून काढा, कारण चमकत्या रंगावर तीच सर्वांत आधी दिसते.

सांगाडा पूर्ण झाला की काचेच्या तुकड्यावर ठेवा. इंजिनाचे सहा आणि टेंडरचे चार, अशा दहाही धुरींची चाके काचेला टेकली पाहिजेत. एखादे अधांतरी असेल तर आत्ताच वाकवून घ्या, वर बॉयलर चढल्यावर उपाय नाही.

सहावी पायरी: बॉयलर आणि टेंडर

बॉयलर दोन अर्ध्या भागांत येतो आणि वरून-खालून जोडरेघ राहते. पातळ सिमेंट आतून लावा, दोन्ही भाग दाबून धरा, रबरबँड लावा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ घासा, पण बॉयलरवर आडव्या पट्ट्या असतात त्या घासून जाऊ देऊ नका. दोन पट्ट्यांच्या मधला भाग वॉटर पेपरची बारीक पट्टी करून घासायचा. टी ३२ टेंडरच्या कडांवर हीच काळजी रिव्हेटसाठी. प्रत्यक्षातला रिव्हेट या प्रमाणात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होतो, दोनदा घासला की गेला.

किटमधले हाताने धरायचे कठडे जाड असतात. खरी नळी या प्रमाणात ०.३ ते ०.४ मिमीची व्हावी. ०.३ मिमीची पितळी तार घ्या, जुने कठडे कापून टाका, सुई-ड्रिलने भोके पाडा आणि तार बसवा. वर खर्च जवळजवळ नाही, आणि मॉडेल खेळण्यातून बाहेर येते ते या एका बदलाने. धुराचे पत्रेही कडेला तिरके घासून पातळ करा. समोरून बघताना त्यांची जाडी डोळ्यांत भरते.

कठडे बसवले की पुन्हा कोणी बॉयलर मुठीत पकडू नये. या क्षणापासून इंजिन फक्त खालून धरायचे.

सातवी पायरी: रंग

वरचे सगळे काळे: बॉयलर, केबिन, टेंडरची टाकी, सिलिंडर. खालचे लाल: चौकट, चाके, बफरची तुळई. जर्मन लालची छटा ‘आरएएल’ या रंगक्रमांकांच्या यादीतली ३००२, कार्मिन लाल. आपल्या मनातल्या आगगाडीच्या लालपेक्षा ती किंचित गडद आणि थंड आहे.

प्रायमर आधी, फिका करडा. लाल रंग झाकायला कमकुवत असतो, गडद प्रायमरवर तो विटकरी दिसतो. लाल आधी द्या, पातळ दोन-तीन थर. एक लक्षात घ्या: ०.१ मिमी जाडीचा रंगाचा थर म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा लेप. इतक्या रंगाखाली कोणताही रिव्हेट जिवंत राहत नाही.

काळा रंग बाटलीतला शुद्ध काळा वापरू नका. लहान वस्तूवर तो सगळा आकार गिळून टाकतो आणि बॉयलर नुसती सावली होऊन बसतो. त्यात गडद करडा मिसळा, इतका की रंग सुकल्यावर शेजारी काळा मोबाइल ठेवला तर फरक दिसावा. केबिनचे छप्पर आणि स्मोकबॉक्स आणखी थोडे करडे, मॅट. स्मोकबॉक्स गरम राहत असल्याने खऱ्या इंजिनावरही तिथला रंग लवकर उडे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईकडे, स्प्रे मारताना हवा दमट असली की रंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर चाके, दांडे, कठडे यांवर काम करा आणि बॉयलरचा काळा रंग ऑक्टोबरसाठी ठेवा, किंवा पावसाने उघडीप दिलेली कोरडी दुपार बघा.

आठवी पायरी: डिकॅल

डिकॅल मॅट रंगावर चिकटवली की खाली हवा अडकते आणि कडा चमकतात. आधी चकचकीत क्लिअर (पारदर्शक वार्निश) द्या, ते पूर्ण सुकू द्या. डिकॅल कापून पाण्यात भिजवा, सुटली की ओल्या जागेवर सरकवा, कापसाच्या काडीने पाणी टिपा. रिव्हेटवर बसवताना डिकॅल मऊ करणारे द्रावण लावा.

नंबर चार ठिकाणी येतो: समोर स्मोकबॉक्सच्या दारावर, केबिनच्या दोन्ही बाजूंना, टेंडरच्या मागे. डिकॅलच्या पत्र्यावर बरेचदा दोन-तीन इंजिनांचे नंबर शेजारी छापलेले असतात. त्यामुळे पुढून एक आणि मागून दुसरा असे इंजिन प्रदर्शनांत अजूनही दिसते. नको असलेले नंबर आधीच कात्रीने कापून फेका. बाकी बारीक अक्षरे, म्हणजे ब्रेकचा प्रकार, शेडचे नाव, तपासणीची तारीख, ही चिठ्ठीवरच्या सालाशी ताडून लावा. १९६० च्या इंजिनावर १९६८ नंतरचा लांब नंबर आला की सगळी मेहनत वाया.

शेवटी सगळ्यावर सॅटिन क्लिअर. पूर्ण मॅट केले तर ०१ मालगाडीच्या इंजिनासारखी दिसते.

नववी पायरी: मळ, कोळसा, रूळ

मळवायचे किती हेही सालच सांगते. १९३० च्या दशकातली जलद गाडीची इंजिने शेडमध्ये रोज पुसली जात. त्यांना दांड्यांवर तेलाची चमक आणि छपरावर किंचित काजळी एवढे पुरे. होफच्या शेवटच्या वर्षांतल्या इंजिनांकडे कोणी लक्ष देत नव्हते. त्यांच्यावर सेफ्टी व्हॉल्वपासून खाली ओघळलेल्या क्षारांच्या पांढऱ्या रेघा, चाकांवर ब्रेकची तांबूस धूळ, लाल रंग जवळजवळ तपकिरी. चॉकची पूड किंवा रंगाची कोरडी पावडर मऊ ब्रशने लावा. रेघा वरून खालीच जातात, पाणी जाते तशा.

टेंडरमधला प्लास्टिकचा कोळशाचा ढीग फारच व्यवस्थित असतो. खरा दगडी कोळसा मिळाला तर कापडात गुंडाळून हातोडीने फोडा आणि गाळून एक मिलिमीटरच्या आसपासचे खडे घ्या. प्रत्यक्षात ते नऊ-दहा सेंटिमीटरचे ढेकूळ होतात, म्हणजे भट्टीत टाकायच्या मापाचे. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल सोडा, सुकल्यावर दिसत नाही. लाकडी कोळसा नको, तो मॅट आणि तपकिरी दिसतो.

उभे करायला एच-ओ रुळाचा तीस सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. इंजिन आणि टेंडर यांच्यातले अंतर कमीत कमी ठेवा. चालत्या मॉडेलना घरातली वळणे घ्यायची असल्याने ते अंतर जास्त असते. मेर्कलिनचे नेहमीचे लहान वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे, तर जर्मन रेल्वेचा नेहमीचा १९० मीटर त्रिज्येचा सांधाही या प्रमाणात दोन मीटरच्या पुढे जातो. शोभेच्या मॉडेलला ही अडचण नाही, तेव्हा फायदा घ्या. वर अॅक्रिलिकची पेटी हवीच. आपल्याकडची धूळ कठड्यांच्या मागे बसली की ब्रशने निघत नाही, आणि ब्रश मारताना कठडाच निघतो.

पुढचे इंजिन

पहिले ०१ झाल्यावर बरेच जण थेट बीआर ०५ कडे वळतात. ११ मे १९३६ ला ०५ ००२ ने हाम्बुर्ग-बर्लिन मार्गावर ताशी २००.४ किमी गाठले, त्या विक्रमाचे आकर्षण आहेच. ते नाकापासून टेंडरपर्यंत पत्र्याच्या आवरणाखाली असल्याने दांड्यांचे काम कमी होईल असे वाटते. ते खरेही आहे. पण तेवढे मोठे, गुळगुळीत, चकचकीत आवरण जोडरेघ न दिसता घासायचे आणि एकसारखे रंगवायचे म्हणजे दांड्यांपेक्षा अवघड काम, आणि तिथे काजळीखाली काही लपवता येत नाही. त्याऐवजी बीआर ०३ घ्या. ते ०१ चेच हलके भावंड, २० ऐवजी १८ टनांच्या धुरीभाराचे, कमजोर रुळांच्या मार्गांसाठी १९३० पासून बांधलेले. दांडे, कठडे, रंग, सगळे ओळखीचे. चिठ्ठी मात्र नवी लागेल.